मच्छर मारायच्या बॅटमध्ये लिथियम सेल टाकला तर चालेल का?

आमची चार्जिंगची बॅट रात्रभर चार्ज केली तरी दोन-चार डास मारले की गपगार, लाल लाइट लागतो पण जाळीत चट् आवाजच नाही. जाळी कोरड्या ब्रशने साफ केली, सॉकेट बदलून पाहिलं, फरक शून्य. मग जाळी डिस्चार्ज करून बॅट उघडली (बटण सोडल्यावरही शॉक बसतो, सांभाळून!), आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे, मीटरवर ४ च्या आसपास दाखवते पण बटण दाबलं की ३ च्या खाली येते, म्हणजे बॅटरीच गेली असं मला वाटतं. रिपेअरवाला म्हणतो ३.७ व्होल्टचा लिथियम सेल टाकू, पण चार्जिंग थेट २३० व्होल्टवरून कपॅसिटर आणि डायोडने होतं, फुल झाल्यावर आपोआप बंद व्हायला कट-ऑफ काहीच नाही, आणि लिथियम तर ४.२ च्या वर जाऊ द्यायचा नसतो. नवी बॅट घ्या म्हणू नका, बाकी सगळं चांगलंय, उगाच कचरा कशाला. कॉइल आईच्या दम्यामुळे लावता येत नाही. तर लिथियम सेल टाकून जुनं चार्जिंग काढून टीपी४०५६ मॉड्यूल (लिथियम सेल चार्ज करायचं छोटं सर्किट) लावलं तर सेफ आहे का, की तशीच ४ व्होल्टची लेड-ॲसिड शोधावी?