पुस्तकांच्या कपाटाला सेन्सर बसवायचा का? (सोसायटी ग्रुप, नागाळा पार्क)

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. क्लबहाऊसमधल्या पुस्तकांचं कोटेशन आलंय. प्रत्येक पुस्तकात सेन्सरचा टॅग, कपाटात रीडर, म्हणजे तो टॅग वाचणारं यंत्र. पुस्तक उचललं की आपोआप नोंद, ठेवलं की आपोआप जमा. आकडा लिफ्टच्या वर्षाच्या मेंटेनन्सच्या आसपास जातोय. मतं सांगा.

बी-३०१: लावा की! वहीत कोण लिहितंय? पेन बांधून ठेवला होता, दोरीसकट गेला.

सी-१०१ (काकू): त्या जाड कादंबरीचा पहिला भाग कुणाकडे आहे, ते आधी सांगा. दुसरा भाग माझ्याकडे कधीचा आणून ठेवलाय, पहिल्याशिवाय वाचू कसा?

बी-२०४: काकू, पहिला आमच्या सासूबाईंकडे आहे. त्या दुसऱ्याची वाट बघत बसल्यात 😄

ए-४०२: खर्च कशाला? १८५० साली करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालं, तेव्हा कोल्हापुरात वीज तरी होती का? वाचनालयं चाललीच की.

सी-४०३: मी नोकरीत कॉलेजांच्या लायब्रऱ्यांना हीच सिस्टीम बसवून द्यायचो, म्हणून जरा लांबण लावतो. लायब्ररीत साधारण १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे टॅग वापरतात. त्यांना बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळाली की चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. बस्स, एवढंच. त्या नंबरावरून पुस्तक कळतं, नेणारा कळत नाही. कपाटातून अमुक पुस्तक निघालं हे रीडरला समजेल, पण ते काकूंनी नेलं की बी-विंगच्या पोरांनी, हे त्याला कुठून समजणार? त्यासाठी नेणाऱ्याला स्वतःचं कार्ड दाखवावंच लागतं. म्हणजे वहीत सही करायचा कंटाळा करणारा माणूस कार्ड दाखवायचाही कंटाळा करणार.

बी-३०१: मग मोठ्या लायब्रऱ्यांत दाराशी ते खांब असतात ते? न सांगता नेलं की बोंबलतात की.

सी-४०३: पुस्तक इश्यू करताना टॅगमधला एक छोटा कोड बदलतात. परत आलं की पुन्हा पहिला. दारातला खांब फक्त तो कोड बघतो, कोड बदललेला नसेल तर वाजतो. पण तिथं काउंटरला माणूस बसलेला असतो आणि दार एकच असतं. आपल्या क्लबहाऊसला दोन दारं, शिवाय टेबल टेनिसवाली पोरं खिडकीतनं ये-जा करतात.

ए-४०२: नाद खुळा!

सी-४०३: दुसरी गोष्ट, आपलं कपाट लोखंडी आहे. पत्र्याला चिकटून असलेला टॅग नीट वाचला जात नाही, धातूमुळे त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. फळ्या लाकडी कराव्या लागतील किंवा टॅग आणि पत्र्यात अंतर ठेवावं लागेल. आणखी एक, कवितासंग्रह आणि दिवाळी अंक पातळ असतात. त्यांच्यात एकाच जागी स्टिकर लावले तर ते एकमेकांवर येतात आणि रीडर दहातली सातच मोजतो. म्हणून शेवटच्या पानावर, बांधणीच्या बाजूला, पण प्रत्येक पुस्तकात वर-खाली उंची बदलून लावायचे. कोटेशनवाल्यानं यातलं काही विचारलं का?

ए-१०२ (सेक्रेटरी): त्यांनी कपाट बघितलंच नाही. पुस्तकं किती, एवढंच विचारलं.

सी-४०३: मग झालंच.

बी-२०४: माझा वेगळाच प्रश्न. कुणी काय वाचलं हे सगळं ॲपवर दिसणार का? डोहाळे, डायबेटिस, घटस्फोट, कुणी काय वाचावं ते त्याचं त्यानं बघावं. ग्रुपवर चर्चा नको.

सी-१०१ (काकू): हे मात्र पटलं. मी ग्रंथपाल होते, वाचकानं काय नेलं ते आम्ही दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. परत आलं की नाव खोडायचं, विषय संपला.

ए-४०२: काकू, मग तुम्हीच उपाय सांगा.

सी-१०१ (काकू): आधी दाखल नोंदवही करा. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक. पुस्तकामागे छापलेला आयएसबीएन नंबर चालणार नाही, एकाच आवृत्तीच्या दोन प्रती असतील तर दोन्हींवर तो सारखाच असतो. सोसायटीत एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती आल्यात, ज्यानं त्यानं घरातलं जास्तीचं आणून टाकलंय.

सी-४०३: काकूंचं बरोबर आहे. त्या क्रमांकावर साधा क्यूआर लावू. पुस्तक नेताना फोननं स्कॅन, फ्लॅट नंबर निवडला की झालं. एनएफसीचे, म्हणजे फोन जवळ नेला की वाचले जाणारे, स्टिकरही लावता येतील, पण बऱ्याच फोनमध्ये ती सोय नसते. क्यूआरला कॅमेरा पुरतो. यादी फक्त काकू आणि सेक्रेटरी बघतील, पुस्तक जमा झालं की फ्लॅट नंबर पुसला जाईल.

बी-३०१: फोन नसलेल्या आजोबांचं काय? आमचे सकाळी फिरून येताना पुस्तक घेतात.

सी-१०१ (काकू): त्यांच्यासाठी वही राहू दे. मी रविवारी सकाळी बसते तासभर, चढवून टाकीन.

बी-२०४: मी पण येते काकू, नोंदवहीला मदत होईल. पहिला भागही सोबत आणते, सासूबाईंचा वाचून झाला.

ए-१०२ (सेक्रेटरी): ठीक आहे, कोटेशनला नाही कळवतो. मीटिंगला फक्त क्यूआरच्या प्रिंटिंगचा आणि लाकडी फळ्यांचा विषय घेऊ.

सी-४०३: फळ्या कशाला आता? टॅग नाही तर पत्रा चालतोय.

ए-१०२ (सेक्रेटरी): हां, खरंच की. फळ्या काढल्या. दिवाळी अंकांना दाखल क्रमांक द्यायचा का?

सी-१०१ (काकू): देऊ नका. ते हातोहात फिरू देत, फाटले की रद्दी.