व्हे प्रोटीनने पोट फुगतं, बंद करावं का?

प्रश्न: वजन ६० किलो, आठवड्याला ४ दिवस व्यायाम, शाकाहारी. व्हे कॉन्सन्ट्रेटचा (दुधाच्या निवळीपासून बनवलेली, कमी गाळलेली प्रोटीन पावडर) १ स्कूप दुधातून घेतला की पोट फुगतं. काय करावं?

प्रतिसाद १: कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर, काहींना ती पचत नाही) असतं, त्यात दुधाची भर. आठवडाभर अर्धा स्कूप पाण्यातून घ्या. तरीही फुगलं तर आयसोलेट (जास्त गाळलेलं, लॅक्टोज अगदी कमी असलेलं व्हे) घ्या. पाणी गारच हवं, उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात.

प्रतिसाद २: आधी जेवणाचा हिशेब मांडा. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे तुम्हाला ७२ ते ९६ ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रोटीन मिळतं, जवळपास एका स्कूपइतकंच, आणि कितीतरी स्वस्तात!

प्रतिसाद ३: मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारा, मगच डबा उघडा. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांकही पाहा.