उंदराच्या लिव्हरमध्ये पांढरा फोड, आत चपटा किडा. घरात लहान मुलं आहेत, काय करू?

पडवीकर
नमस्कार मंडळी. आमचं चिपळूणजवळ जुनं घर आहे, माळ्यावर भाताची पोती, त्यामुळे उंदीर कायमचेच. काल मांजरीने पडवीत एक मोठा उंदीर फाडून टाकला, झाडताना बघितलं तर लिव्हरवर वाटाण्याएवढा पांढरा फोड, काडीने फोडला तर आतून गुंडाळलेला चपटा पांढरा किडा निघाला, पट्ट्यापट्ट्यांचा. खरं सांगतो, अंगावर काटा आला. मुलगी चार वर्षांची आहे, मांजर तिच्याच अंथरुणात झोपते आणि पोरगी येता-जाता पोत्यातले कच्चे तांदूळ चघळते. मांजर बाहेर काढू का?

गुरांचा_डॉक्टर
मांजर काढू नका. वर्णनावरून तो मांजरीच्याच पट्टकृमीचा पिल्लावस्थेतला किडा वाटतो, टीनिया टीनिफॉर्मिस. मांजरीच्या विष्ठेतून अंडी पडतात, ती खाण्यातून उंदराच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये असा फोड होतो, मग मांजर तो उंदीर खाते आणि तिच्या आतड्यात तोच किडा मोठा होतो. माणसाला तो होणं फार दुर्मीळ.
पण मांजरीला औषध द्याच. जंताच्या सगळ्याच गोळ्या पट्टकृमीवर चालत नाहीत, प्राझिक्वांटेल लागतं आणि डोस वजनावर, म्हणून व्हेटकडून घ्या, माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. शिकारी मांजर आहे म्हणजे परत होणारच, तेव्हा डॉक्टरांना विचारून ठराविक दिवसांनी देत राहा. शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसतं का बघा, ते पट्टकृमीचे तुकडे असतात. त्यात एक जात पिसवांमधून पसरते आणि ती लहान मुलांना होऊ शकते, त्यामुळे पिसवांचंही औषध करा.

सूक्ष्मदर्शी
मी लॅबमध्ये काम करते. मला त्या फोडापेक्षा कच्च्या तांदळाची काळजी जास्त वाटते. उंदरांचा आणखी एक पट्टकृमी आहे, हायमेनोलेपिस डिमिन्युटा. त्याची अंडी उंदराच्या लेंड्यांमध्ये असतात, धान्यातले-पिठातले बारीक तांबडे किडे त्या लेंड्या खातात आणि तो किडा चुकून कुणी गिळला की माणसाच्या पोटात पट्टकृमी तयार होतो. म्हणून हा बहुतेक मुलांमध्येच सापडतो. भाकरी भाजली, भात शिजला की प्रश्न मिटला, धोका कच्चं खाण्यात आहे. पोटात दुखतंय, भूक मंदावलीय असं काही असेल तर शौचाची तपासणी करून घ्या, अंडी मायक्रोस्कोपखाली ओळखता येतात, आणि उपचार सोपा आहे.
दुसरं म्हणजे लिव्हरवर फोडाऐवजी पिवळट-पांढरे पट्टे दिसले असते तर तो वेगळा कृमी, कॅपिलेरिया हेपॅटिका. त्याची अंडी लिव्हरमध्येच अडकून राहतात, मांजरीने उंदीर खाल्ला किंवा तो कुजला की मगच बाहेर पडतात, आणि मातीत काही आठवडे मुरल्याशिवाय त्यांचा संसर्ग होत नाही. माणसात क्वचितच होतो, पण मेलेला उंदीर परसात जिथे पोरं माती खेळतात तिथे टाकू नका, लांब आणि खोल पुरा.

आजोबांचा_नातू
पुरताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, उंदीर हाताने शेपटीला धरून उचलू नका. शरीर गार पडलं की पिसवा ते सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि प्लेग याच पिसवांमधून पसरतो. आमचे आजोबा सांगायचे, गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, ते यासाठीच. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १९९४ ला बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत. तुमचा एक उंदीर मांजरीने मारलाय, त्याचं काही नाही, पण न मारता एकदम बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवा.
आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, विसरू नका, तो जंतू कृमी नाही, बॅक्टेरिया आहे, पण आपल्याकडे पावसात माणसं त्याने जातात. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आत शिरतो. लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, असं झालं तर घरी थांबू नका.

पडवीकर
खूप खूप आभार सगळ्यांचे. उद्या मांजरीला घेऊन जातो, मुलीची तपासणी पण करतो. तांदूळ आजच पत्र्याच्या डब्यात भरले, तळाला लेंड्या सापडल्या आणि ते तांबडे किडेही होते, बघून पोटात गोळा आला. भात अजून पोत्यातच आहे, एवढ्याला पुरेल असं पिंप कुणी वापरतंय का?

गुरांचा_डॉक्टर
आमच्याकडे पत्र्याची कोठी आहे, झाकण घट्ट बसणारी. खाली विटा लावा, भिंतीपासून हातभर लांब ठेवा म्हणजे मागे बीळ केलं तर लगेच दिसतं. आणि भरायच्या आधी भात दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा.