लॉकडाऊन ड्रिल: आधी दारं बघा, मुलांना शेवटी बसवा

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच लॉकडाऊन ड्रिल होणार आहे. म्हणजे आवारात कोणी हल्लेखोर शिरला तर वर्ग आतून बंद करायचा, लाईट घालवायचे आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात चिडीचूप बसायचं, त्याची तालीम. मी तयारीच्या टीममधे आहे. मीटिंगचा सगळा वेळ एकाच वादात गेला, मुलांना आधी सांगायचं की अचानक करायचं, आणि दारांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून हा धागा.

मीटिंग संपल्यावर मी आणि एक सहकारी वर्गावर्गात जाऊन दारं लावून बघितली. एका वर्गाला आतून कडीच नाही. एक दार फुगलंय, खांदा लावल्याशिवाय बसत नाही. लॅबची किल्ली ऑफिसच्या जुडग्यात, म्हणजे लॅब बंद करायची तर बाईंनी मुलांना सोडून जिना उतरून ऑफिसात जायचं! बरं, दार लागलं तरी मुलं कुठे बसणार? ज्या कोपऱ्यात बसवायचं तिथे कपाट, जुने बाक आणि मागच्या प्रदर्शनाचे पुठ्ठे.

या गोष्टींनी जीव गेलेत. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत २०१२ मधल्या गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, तिथल्या वर्गांची दारं बाहेरून किल्लीनेच लॉक व्हायची. नंतर नेमलेल्या आयोगाने म्हटलं की त्यांच्यासमोर आलेल्या पुराव्यात हल्लेखोराने वर्गाचं लॉक केलेलं दार फोडून आत शिरल्याची एकही घटना नाही. २०१८ ला तिकडेच फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात १७ जण गेले, तिथेही बहुतेक वर्गांत सुरक्षित कोपरा आखलेला नव्हता, काही ठिकाणी तो सामानाने भरलेला होता.

माझं म्हणणं, आधी दारं, मग स्टाफ, मुलं सगळ्यात शेवटी. आणि त्यांना आधी सांगून.

रोखठोक_बाबा:
दारांबद्दल सहमत, बाकी नाही. आधी सांगून केलेली ड्रिल म्हणजे निव्वळ देखावा. सगळ्यांना माहिती की साडेदहाला घोषणा होणार, मग कोणी टॉयलेटला जात नाही, कोणी ग्राउंडवर नसतं, शिक्षक किल्ली हातात घेऊन उभे, आणि रिपोर्टमधे सगळं छान छान. खरा प्रसंग काय वेळ सांगून येतो का? मला माझ्या मुलाची शाळा अशा क्षणी बघायची आहे जेव्हा कोणीच तयार नाहीये, तेव्हाच खरं काय ते कळेल. मुलं थोडी घाबरतील, मान्य, पण घाबरलेलं मूल घरी तरी येतं.

शांत_पाणी:
@रोखठोक_बाबा, मी शाळांमधे समुपदेशक म्हणून काम करते, आणि तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. न सांगता केलेल्या ड्रिलमधे मुलाला वाटतं की आता खरंच कोणीतरी येणार आणि आपण मरणार. सात वर्षांचं मूल असो की पंधराचं. मुलं घरच्यांना निरोपाचे मेसेज टाकतात, काहींना पँटमधे होतं आणि ते सगळ्या वर्गासमोर होतं. यातून कोणतं कौशल्य शिकलं ते मूल? घाबरलेलं डोकं नवीन काही शिकत नाही, ते आधी शांतपणे घोटवलेलं असेल तेवढंच आठवतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मधे स्पष्ट सांगितलंय की मुलांना फसवून, खरं भासवून ड्रिल करू नका.

मी तर पुढे जाऊन म्हणेन, लहान मुलांना 'हल्लेखोर' हा शब्द सांगायचीही गरज नाही. 'बाई सांगतील तेव्हा कोपऱ्यात, गप्प, बाई उठवेपर्यंत' एवढं पुरतं.

रोखठोक_बाबा:
@शांत_पाणी, मी खोट्या बंदुका आणि आरडाओरडा करा असं म्हटलेलंच नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात २०१९ मधे शिक्षिकांना गुडघ्यावर बसवून छर्रे मारले होते ट्रेनिंगच्या नावाखाली, तो मूर्खपणा मलाही नकोय. माझा मुद्दा फक्त वेळेचा आहे. घोषणेतच स्पष्ट सांगा की ही ड्रिल आहे, पण दिवस आणि तास आधी सांगू नका. मधल्या सुट्टीत करा, शाळा सुटायच्या आधी करा. अख्खी शाळा कॉरिडॉरमधे असते तेव्हा काय करायचं याचं उत्तर कोणाकडे आहे? वर्गात बसून कोपऱ्यात सरकायला तर कोणीही शिकेल.

फळा_खडू:
हा मुद्दा मात्र दमदार आहे, मीटिंगमधे कोणी मांडलाच नाही. मधल्या सुट्टीत मुलांनी स्वतःच्या वर्गाकडे पळायचं नसतं, जवळचा जो वर्ग असेल त्यात शिरायचं, आणि तिथल्या शिक्षकांनी दार लावायच्या आधी कॉरिडॉरमधे एक नजर टाकून दिसतील ती मुलं आत ओढायची. दार एकदा लॉक झालं की कोणी ठोठावलं, नाव सांगितलं, रडलं तरी उघडायचं नाही, बाहेरून किल्लीनेच उघडलं जाईल. हे शेवटचं मोठ्या माणसांनासुद्धा जड जातं, म्हणून तर आधी फक्त स्टाफची तालीम करा म्हणतेय, सुट्टीच्या दिवशी, मुलांशिवाय. तिथे हवं तेवढं अचानक करा.

उंबरठा:
माझा सगळ्यालाच विरोध आहे. असे हल्ले फार क्वचित होतात आणि त्यासाठी दर वर्षी प्रत्येक मुलाला घाबरवायचं? स्टाफला शिकवा, दारं दुरुस्त करा, मुलांना यात ओढूच नका. मोठ्यांचं काम मोठ्यांनी करावं. आणि सारखं सारखं केलं की त्याची धारही जाते. अमेरिकेत टेक्सासमधल्या युव्हाल्डीत २०२२ च्या शाळेवरच्या हल्ल्याआधी आसपासच्या पोलिसांच्या पाठलागांमुळे शाळेला इतके अलर्ट येत होते की लोकांनी ते मनावर घेणं सोडलं होतं. पुढे १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ज्या वर्गांत हे घडलं त्यातल्या एकाचं लॉक नीट लागत नाही हे आधीपासून माहिती होतं आणि दुरुस्तीची रीतसर नोंदसुद्धा झाली नव्हती. मग मुलांकडून कितीही ड्रिल करून घ्या, त्या लॉकचं काय?

बदली_शिक्षक:
@उंबरठा, लॉकबद्दल शंभर टक्के. पण मुलांना बाहेर ठेवा हे चालणार नाही, कारण वर्गात नेमका मी असेन तर? मी बदलीवर जातो, अर्ध्या शाळांमधे मला वर्गाची किल्ली देत नाहीत आणि कोपरा कुठला तेही कोणी सांगत नाही. त्या दिवशी वर्गात माहितगार फक्त मुलंच असतील. आणि तयारी असली की फरक पडतो. कॅलिफोर्नियात रँचो तेहामाच्या शाळेत २०१७ मधे बाहेर गोळ्यांचे आवाज आल्याबरोबर ऑफिसमधून लॉकडाऊन सांगितला, सगळे आत गेले, हल्लेखोर गाडीने गेट तोडून आला तरी त्याला वर्गात शिरता आलं नाही आणि तो काही मिनिटांत निघून गेला. एका मुलाला गोळी लागली, पण शाळेत कोणाचा जीव गेला नाही.

धागाकर्तीला विनंती, यादीत बदली शिक्षक, कँटीनवाले, सफाई कर्मचारी सगळे घ्या. हजेरीपट कोणाकडे असेल तेही ठरवा.

शांत_पाणी:
आणि ऐकू न येणारी मुलं? घोषणा स्पीकरवर होणार, त्यांना कोण सांगणार? व्हीलचेअरवरचं मूल त्या कोपऱ्यात मावतंय का? ऑटिझम असलेल्या मुलाला एकदम अंधार करून 'गप्प बस' म्हणून चालत नाही, त्याच्याशी आधी काही दिवस बोलून, तो कोपरा दाखवून, हातात धरायला काहीतरी देऊन तयारी करावी लागते. ज्यांना तारीख सांगायची नाहीये त्यांनी या मुलांचं काय करायचं ते सांगावं.

रोखठोक_बाबा:
या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना तारीख सांगा, माझी काहीच हरकत नाही. बाकीच्यांना 'या आठवड्यात कधीतरी' इतकंच. पहिली ड्रिल सांगून करा हवं तर, पण दुसरी नाही. यापेक्षा मागे मी येणार नाही.

उंबरठा:
माझं मत तेच आहे, पण होणारच असेल तर एक बघा, फायर अलार्म वाजला तर काय? पार्कलंडमधे गोळीबाराच्या धुराने की धुळीने अलार्म वाजला आणि मुलं वर्गाबाहेर आली. लॉकडाऊन चालू असताना अलार्म वाजला तर बाहेर जायचं की थांबायचं, हे स्टाफला आधी पक्कं सांगितलं पाहिजे.

फळा_खडू:
हे लिहून घेतलं. उद्या मुख्याध्यापकांकडे दारांची यादी घेऊन जातेय, फुगलेलं दार आणि कडी नसलेला वर्ग सगळ्यात वर. दुरुस्ती झाल्याशिवाय मुलांच्या ड्रिलची तारीख ठरवायची नाही असं मी लेखी देणार आहे, मग ती पुढच्या महिन्याच्या पुढे गेली तरी चालेल. @रोखठोक_बाबा, तुमचं 'पहिली सांगून, दुसरी आठवडा सांगून' मीटिंगमधे मांडते, मला स्वतःला दुसरी अजून पटलेली नाही.