दमट जागेत टिकणारा छोटा पंखा सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
घरीच एका मोठ्या पेटीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावतोय. आर्द्रता 85-90 टक्के ठेवावी लागते, आणि कार्बन डायऑक्साइड साठला की देठ नुसते लांबतात, टोप्या बारीकच राहतात. म्हणून हवा खेळती राहावी यासाठी 12 व्होल्टचा, 120 मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा आत बसवला होता. तीन महिन्यांत त्याने मान टाकली. आधी घरघर, मग बोटाने ढकलला तरच फिरायचा. उघडून पाहिलं तर सर्किटवर हिरवट बुरा आणि एका वायरीचा सोल्डरचा डाग सुटलेला.

आता आयपी55 की आयपी68 (धूळ-पाणी आत शिरत नाही ना, हे तपासून दिलेला दर्जा), यात अडकलोय. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, एवढं कळलं. पण ती चाचणी बाहेरून येणाऱ्या पाण्याची. पंखा बंद असताना आतच दव धरतं त्याचं काय? माझा संशय त्या दवावरच आहे, कारण मी टायमर लावून तासातून दहाच मिनिटं चालवायचो. वेग कमी करून सतत चालू ठेवला तर जास्त टिकेल का?

सर्किटवर रेझिन ओतलेले पंखे कोणी वापरलेत का? आणि बॉल बेअरिंगला गंज चढतो की स्लीव्ह बेअरिंगचं (गोळ्यांऐवजी साधी नळी असलेल्या) तेल आधी संपतं?

पंखा बाहेर लावून कोरडी हवा आत ढकलायची, असाही विचार आहे. 230 व्होल्टचा मात्र सुचवू नका, ओल्या हाताने रोज तिथेच काम असतं.