भिगवण सहल आणि काठावरचं हिरवं पाणी

मेघना (बी-२०३): रविवारी भिगवणला मुलांना काठावर पाण्यात खेळू द्यायचं का? फोटोत उजनी धरणाचं पाणी हिरवंगार दिसतंय. शेवाळच ना ते?

शुभांगीताई (ए-५०१): मेघना, अजिबात उतरवू नकोस. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत जातं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळासारखे दिसणारे नील-हरित जिवाणू पोसतात, मायक्रोसिस्टिस वगैरे, आणि त्यातले काही विष तयार करतात. त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. वारा पडला की रात्रीतून ते वर येतात आणि सकाळचा वारा सगळा थर एका काठाला लोटतो. मध्यावर पाणी बरं दिसतं, काठाला मात्र हिरवा रंग ओतल्यासारखी साय. मुलं खेळतात नेमकी तिथेच.

राजू (सी-३०२): ताई, साधं शेवाळ वेगळं ओळखायचं कसं?

शुभांगीताई: काठीने उचलून बघ. केसांसारखे लांब धागे लटकले तर बहुधा साधं शेवाळ. काठी रंगासारखी माखली तर लांब राहा. खात्री हवी तर हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भर (काठोकाठ नको, आत गॅस धरतो) आणि न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, खाण्यापासून वेगळी. गाळ तळाला बसला तर ठीक, वर हिरवं कडं जमलं तर नील-हरित. विष आहे का, हे मात्र प्रयोगशाळेतच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पोहण्याच्या पाण्यात लिटरला २४ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन (या जिवाणूंचं एक विष), रोजच्या पिण्याच्या पाण्यात १.

डॉ. अनिलकाका (ए-१०२): अंगाला लागलं तर पुरळ, डोळे चुरचुरणं. पोटात गेलं तर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी. मायक्रोसिस्टिन यकृतावर जातं आणि त्यावर उतारा नाही, उपचार लक्षणांप्रमाणे. डॉक्टरांना 'हिरव्या पाण्यात खेळला होता' हे आपणहून सांगा, नाहीतर बाहेरच्या खाण्यावर खापर फुटतं. हे कळलं तर एसजीपीटी, एसजीओटी (यकृताच्या रक्ततपासण्या) करता येतात. पाणी उडालंच तर लगेच साबणाने धुवायचं.

प्रिया (बी-४०१): ब्रूनोला घेऊन येतोय आम्ही 🙈

डॉ. नितीन (सी-१०४): प्रिया, पट्टा सोडू नकोस. कुत्री ते पाणी पितातही आणि नंतर अंग चाटतात. या जिवाणूंच्या काही प्रकारांत ॲनाटॉक्सिन नावाचं विष असतं, ते थेट नसांवर जातं. लाळ, थरथर, झटके, मग श्वास बंद, कधी कधी अर्ध्या तासाच्या आत. भिजला तर चाटायच्या आधी स्वच्छ पाण्याने धू आणि लक्षण दिसायची वाट न बघता डॉक्टर गाठ. मीठ पाजून उलटी करवू नकोस. काठावर वाळलेल्या पापुद्र्यांतही विष टिकतं, तेही हुंगू देऊ नकोस.

राजू: आणि तिथला चिलापी मासा? 😋

शुभांगीताई: विष मुख्यतः यकृतात आणि आतड्यांत साठतं, शिजवून जात नाही. कोठा पूर्ण काढून नीट धुतलेली चिलापी घ्या, डोकं-काळीज नको. काठावरचं पाणी उकळून वापरू असंही कुणी म्हणू नका. उकळल्याने पेशी फुटतात आणि विष पाण्यात उतरतं. अमेरिकेत २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडोत लाखो लोकांना हेच सांगावं लागलं होतं, की नळाचं पाणी उकळूनही पिऊ नका. तुरटीने पेशी खाली बसतात, विरघळलेलं विष तसंच राहतं.

पाटीलकाका (ए-३०४): मग आपल्या बागेतल्या तळ्यात मोरचूद टाकून घेऊ. तेही हिरवं झालंय.

शुभांगीताई: काका, नको. पेशी मेल्या की आतलं सगळं विष एकदम बाहेर. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडला १९७९ मध्ये धरणातल्या जिवाणूंवर मोरचूद मारला आणि तेच पाणी पिऊन १४८ जण आजारी पडले, बहुतेक मुलं. आपण आधी लॉनच्या खताचं पाणी तळ्यात जाणं थांबवू. वरचा थर हातमोजे घालून जाळीने काढायचा, फवारा तोवर बंद, कारण तुषारांतून तो नाकात जातो.

मेघना: बोटीतून पक्षी बघायला हरकत नाही ना?

डॉ. अनिलकाका: नाही. हात पाण्यात घालायचे नाहीत, आणि खाण्याआधी हात धुवायला पाणी घरून न्यायचं.

ॲडमिन: बसमध्ये २० लिटरचे ३ जार ठेवतोय, एक फक्त हात धुवायला. माळीदादांना फवारा बंद करायला सांगितलंय.