प्रति: ३१० ची बास्केट दीड वर्षात तुटली

३१० म्हणजे उष्णता झेलणारं स्टेनलेस स्टील, आणि बास्केट म्हणजे भट्टीत जॉब (सुटे भाग) ठेवायची त्याची जाळी. "३१० तर ११५० डिग्रीला टिकते, मग ९३० ला कशी गेली, म्हणजे मालच बोगस" हे वरचं मत पटलं नाही. ११५० हा आकडा साध्या हवेत तापवताना पपडी (ऑक्साइडचा थर) न धरता टिकण्याचा. गॅस कार्बुरायझिंगच्या, म्हणजे पृष्ठभाग कडक करायला गॅसमधून कार्बन मुरवायच्या, भट्टीत कार्बन जॉबमध्ये शिरतो तसाच बास्केटमध्येही शिरतो, त्याला काय कळतंय कुठलं आपलं गिऱ्हाइकाचं! आत गेला की क्रोमियमला धरून कार्बाइड करून बसतो. वर प्रत्येक हीटला (घाण्याला) तेलात बुडवून एकदम गार करायचा, क्वेंचिंगचा झटका. बाहेरून ठणठणीत, आतून बिस्कीट.

शिरोली एमआयडीसीत होतो तेव्हा आमच्या एका बास्केटचा पाय फरशीवर नुसता आपटून तुटला. भट्टीवरच्या मामांनी खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढून तुटक्या तोंडाला लावलं, खट्‌कन चिकटलं. नव्या ३१० ला ते धरतच नाही. क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलं की उरलेला धातू चुंबकाला ओढ देतो. मग आम्ही दर महिन्याला पायांवरनं चुंबक फिरवायचो. ओढ लागली की ती बास्केट कमी वजनाच्या मालाला. फक्त आधी ग्राइंडर मारून काळी पपडी काढा, आणि ३०९ च्या (दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसच्या) रॉडनं वेल्ड केलेल्या जागी फसू नका, तिथं पहिल्यापासूनच थोडं चिकटतं. अशा ओढ लागलेल्या पायाला वेल्डिंगही करू नका, शेजारीच तडा जातो.

३१० ऐवजी ३३० ही उष्णता झेलणारी मिश्रधातू घेता येते; ३३० मध्ये निकेल ३५ टक्क्यांच्या आसपास, ३१० मध्ये २०. निकेल जास्त तसा कार्बन सावकाश शिरतो. आमचा मालक मात्र ३३० चा दर ऐकूनच उठला.